येणारा परवा

किल्ली कुलपात अर्धी फिरली आणि दार आतूनच उघडलं. समोर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. अंगात एकावर एक दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि एका गालावर साबणाचा फेस. दुसऱ्या गालाची दाढी करून झाली होती.

"कोण पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"कुणी नको," मी म्हटलं. माझ्या काखेत दोन उशा, हातात भांड्यांची पिशवी, आणि जिने चढून चढून दम लागलेला. "आम्ही इथं राहायला आलोय."

तेवढ्यात वन्संनी माझ्या मागून हात पुढे करून कुलपातली किल्ली काढून घेतली.

"चुकलं आमचं," त्या म्हणाल्या. "तुमची दाढी होऊ द्या निवांत. आम्ही खाली थांबतो."

खाली! खाली सामानानं भरलेला टेम्पो उभा होता आणि टेम्पोवाला आधीच कुरकुरत होता. धुकं असं दाट की टेम्पोचं पुढचं टोक दिसलं तर मागचं दिसत नव्हतं, आणि थंडीनं माझं नाक सकाळपासून माझं राहिलंच नव्हतं. पण वन्सं जिना उतरायला लागल्या. त्या उतरल्यावर मी काय उशा घेऊन परक्याच्या दारात उभी राहणार? गेले मागोमाग.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हल्ली नणंदेला वन्सं कुणी म्हणत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी म्हणायला लावलं. सासूबाई गेल्या, शब्द तेवढा माझ्या तोंडात राहिला. बाहेर त्यांना सगळे ड्रायव्हरताई म्हणतात. शहराची बस चालवतात त्या, आणि केस पांढरे झाले तरी पहाटेची पहिली गाडी मागून घेतात. त्यांच्या बसमध्ये मी पुष्कळदा बसलेय. म्हातारं माणूस चढलं की वन्सं डोक्यावरच्या आरशात बघत राहतात. ते माणूस धरत धरत जागेपर्यंत जाणार, पिशवी मांडीवर घेणार, टेकणार. तोवर बस जागची हलत नाही. मागच्या गाड्या हॉर्न मारून थकतात, कंडक्टर घंटी वाजवतो, वन्सं आपल्या ढिम्म. एकदा घाईतल्या एका साहेबानं ओरडून विचारलं, "अहो बाई, बस बंद पडली का?" तर म्हणाल्या, "नाही. आजोबा बसतायत."

लग्न केलं नाही त्यांनी. का, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्याच घरी राहायच्या, बाहेरच्या खोलीत, पडद्यामागच्या खाटेवर. त्यांना आम्ही कधी जा म्हटलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. पण बसचा डेपो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हिवाळ्यात त्या अंधारातच उठायच्या आणि आमची झोपमोड नको म्हणून चोरासारख्या बाहेर पडायच्या. बूट हातात, दाराची कडी वाजू नये म्हणून तिच्याभोवती रुमाल. एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "अगं, मला एकदा माझ्या घराचं दार धाडकन लावून कामाला जायचंय." मी हसले. मग बघितलं तर त्या हसत नव्हत्या.

तेव्हापासून घरं बघायला सुरुवात झाली. एकटी बाई म्हटलं की मालकांच्या कपाळाला आठ्या. एकानं विचारलं, "ड्रायव्हर? कुणाच्या गाडीवर?" वन्सं म्हणाल्या, "तुमच्याच. रोज बसता की तुम्ही." ते घर अर्थातच मिळालं नाही. शेवटी एका एजंटनं हे शोधून दिलं. दोन खोल्या, उन्हाची गॅलरी, आणि डेपो दोन गल्ल्या टाकून. करार झाला, मालकानं किल्ली दिली. आधीचे भाडेकरू निघाले की कळवतो, असं एजंट म्हणाला होता. त्याचा निरोप त्या दिवशी भल्या सकाळीच मोबाईलवर आला: 'घर रिकामं परवा.'

आता आपल्या भाषेत गेलेलाही परवाच आणि येणाराही परवाच. वाक्याला क्रियापद असतं तर कळलं असतं, झालंय की व्हायचंय. पण हा एजंट शब्द असे वापरायचा जसे काही त्याच्या पदरचे जात होते. वन्संनी वाचलं, मी वाचलं, आमच्या ह्यांनी तर चष्मा लावून वाचलं. तिघांनाही गेलेलाच परवा दिसला. वन्संना घाई झाली होती, आणि इतक्या वर्षांत त्यांना कशाचीही घाई झालेली मी पाहिली नव्हती, म्हणून आम्हीही त्यांच्या भरीला पडलो.

टेम्पोच्या आडोशाला उभं राहून मी एजंटला फोन लावला.

"अहो ताई, परवा म्हणजे परवा!" तो म्हणाला.

"अहो, पण कुठला परवा?"

"म्हणजे काय? येणारा! आजोबांची मुलगी परवा येणार, त्यांना घेऊन जाणार, मग घर रिकामं." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही वर गेला नाहीत ना? त्यांना काही बोलला नाहीत ना?"

मी म्हटलं, जे बोलायचं ते बोलून झालंय. तो कळवळलाच. मग त्यानं सगळं सांगितलं. मुलीनं वडिलांना सांगितलं होतं, थंडीपुरते माझ्याकडं चला, दिवस उबदार झाले की परत आणून सोडते. परत आणायचं मात्र नव्हतं. एकटं राहणं आता त्यांना झेपत नव्हतं, दोनदा गॅस चालू राहिला होता. मागे त्यांना खरं सांगून पाहिलं तर दाराला कडी लावून बसले, जेवेनात, आणि ठरलेला भाडेकरू कंटाळून पळाला. "मालक आता वैतागलाय," एजंट म्हणाला. "या वेळी बिनसलं तर तो घर विकायलाच काढणार. दोन दिवस तोंडाला कुलूप लावा ताई. घर तुमचं."

मी हे सगळं वन्संना सांगितलं. त्या हाताचे तळवे तोंडाशी नेऊन त्यात वाफ सोडत राहिल्या.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली. "अहो, या वर!" दोन्ही गाल गुळगुळीत करून आजोबा आम्हाला बोलावत होते. "चहा टाकलाय!"

घर त्यांनी कौतुकानं दाखवलं, जसं काही पाहुण्यांनाच दाखवतायत. चहा फार गोड होता. बोलताना ते माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडेच बघत होते, म्हणून मी अवघडले. ते लक्षात येऊन तेच म्हणाले, "वाईट मानू नका. जन्मभर कवळ्या केल्या मी. डॉक्टर तोंडात साचा घ्यायचे, दात मी बनवायचो. या शहरात कित्येक म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात." मी मनातल्या मनात त्यांचं नाव कवळीकाका ठेवून टाकलं.

"मुलगी येणार आहे न्यायला," ते सांगत होते. "थंडीपुरता जाऊन येतो तिच्याकडं. तुम्हाला तोवर राहायला ठेवलंय ना? बरं केलं. घर बंद राहिलं की ओल धरतं."

मी चटकन म्हटलं, "हो ना, ओल फार वाईट." वन्संनी कप उचलून तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

सामान वर आणा, असा त्यांनी आग्रह केला. वन्संनी ऐकलं नाही. "तुमचं घर आहे तोवर तुमचं," म्हणाल्या. सगळं जिन्याखालच्या जागेत रचून वर ताडपत्री टाकली. गादी तेवढी काकांनी हट्टानं वर आणायला लावली, आणि आम्ही निघताना म्हणाले, "एक मागू का? मला बॅगा भरता येत नाहीत. ते खातं हिचं होतं." भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता. दात दाखवून हसणारा फोटो मी त्या वयाच्या बाईचा पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी वन्सं ड्यूटी संपवून, खाकी कोटावरच आल्या. मीही गेले. खरं सांगायचं तर मी राखणीला गेले होते. वन्सं कमी बोलतात, पण बोलल्या की खरं बोलतात, आणि मला त्याचीच धास्ती होती. जिन्यात मी त्यांचा दंड धरला.

"वन्सं, उद्याचा दिवस गेला की झालं. तुम्ही खोटं बोलू नका, पण खरंही कशाला बोलता? ते काम त्यांच्या मुलीचं."

"मी कुठं काय म्हणतेय?" त्या म्हणाल्या.

मुलीनं फोनवर दोनच बॅगा सांगितल्या होत्या. एक बॅग कपड्यांनी भरली. दुसरी भरायला घेतली आणि काका जे आत ठेवायचे तेच थोड्या वेळानं बाहेर काढायचे. रेडिओ ठेवला, काढला. "तिच्याकडं असेलच." जाड शाल ठेवली, काढली. "परत आल्यावर लागेल." मला घड्या घालून घालून वैताग आला. वन्सं मात्र ठेवलेलं काढून द्यायच्या, काढलेलं ठेवून द्यायच्या, आणि चेहऱ्यावर नावाला आठी नाही.

मग त्यांनी कपाटाचा खालचा खण ओढला. आत प्लास्टरचे जबडे. पांढरे, पिवळट, वरचे, खालचे, ओळीनं मांडलेले. मी एवढी मोठी बाई, पण दचकलेच. काका हसले. "ही सगळी आमची गिऱ्हाइकं. बरीचशी आता नाहीत." त्यातलाच एक त्यांनी उचलला आणि फडक्यानं पुसला.

"हा हिचा," ते म्हणाले. "दात सगळे गेले तेव्हा रडली होती. म्हणाली, मी आता हसायची नाही. मी म्हटलं, तुझे जुने कसे होते ते माझ्याइतकं कुणाला माहिती आहे? तो पुढचा दात जरा वाकडा होता ना तिचा, तसाच वाकडा केला मुद्दाम. डॉक्टर म्हणाले, हे काय, सरळ करा. मी म्हटलं, साहेब, सरळ केला तर ती माझी बायको दिसणार नाही." त्यांनी फोटोकडे बोट केलं. मी बघितलं. पुढचा दात खरंच जरा वाकडा होता.

त्यांनी तो साचा बॅगेत शालीवर ठेवला. थोडा वेळ बघितलं. मग काढला आणि पुन्हा खणात, होता तिथं नेऊन ठेवला.

"राहू दे. प्रवासात आपटला-बिपटला तर? इथं बरा आहे. थंडीपुरताच तर जायचंय."

पण उद्या ते गेले की परवा एजंटची माणसं येऊन उरलेलं सगळं पोत्यात भरून नेणार होती. तसं ठरलंच होतं.

"काका," वन्सं म्हणाल्या, "तो बरोबर घ्या."

मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"कशाला?" काका म्हणाले.

"घ्या. शालीत गुंडाळून देते मी."

"अहो, पण परत यायचंच आहे ना मला?" ते हसत म्हणाले. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. "यायचंय ना?"

वन्संच्या घराची किल्ली त्यांच्या खाकी कोटाच्या खिशात होती. त्यांनी खिशात हात घातलेला मी पाहिला. एक शब्द, नुसतं 'हो', एवढंच हवं होतं. आणि मला माहीत होतं, त्या म्हणणार नाहीत.

"नाही काका," त्या म्हणाल्या. "मी थंडीपुरती आलेली नाही. हे घर मी राहायलाच घेतलंय. तुम्हाला न्यायचं असेल ते आजच बॅगेत भरा. मागं राहिलेलं राहणार नाही."

गेलं घर, मी मनात म्हटलं. पुन्हा ती पडद्यामागची खाट आणि कडीभोवतीचा रुमाल. मला त्या क्षणी वन्संचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच क्षणी असंही वाटलं की या बाईच्या घरात मी इतकी वर्षं राहिले. हो, त्यांच्याच घरात. आमच्या घरात त्या राहिल्या असं मी उगाच समजत होते, घराला सरळपणा तर त्यांचाच होता.

काका उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. कानटोपी आत टेबलावरच होती. बाहेर वारा असा की दोरीवरचे कपडे आडवे झाले होते. मी टोपी घेऊन निघाले तर वन्संनी मला मनगटाला धरून थांबवलं.

"थांब. ते बसले नाहीत अजून."

आम्ही थांबलो. किती वेळ, कोण जाणे. चहा निवून त्यावर साय धरली. दरम्यान एजंटचा फोन येऊन गेला, मी घेतला नाही. शेवटी काका आत आले, खुर्ची ओढली आणि तिच्यावर टेकले. नाक लाल झालं होतं. वन्संनी टोपी त्यांच्या हातात दिली.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "माणूस थंडीपुरता जाणार असला तर मुलगी रोज फोनवर रडवेली कशाला होईल?"

त्यांनी टोपी हातात उलटीसुलटी केली.

"पण विचारलं तर ती हो म्हणायची. येणार म्हणायची परत. मग मीच येडा ठरायचो." त्यांनी टोपी डोक्यात घातली. "तुम्ही सांगितलंत. तुमचं घर गेलं असतं की हो."

"जाऊ शकतं अजून," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात तर मी उद्या सामान परत नेईन. तेवढा टेम्पो परवडतो मला."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच डोळ्यांकडे.

"नाही," ते म्हणाले. "गॅस राहतो माझ्याकडून चालू. मला माहिती आहे ते. फक्त एक करा. माझ्या मुलीला कळू देऊ नका, मला कळलंय म्हणून. तिनं जिवाला किती घोर लावून घेतला असेल हे खोटं रचताना. लहानपणापासून तिला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. एवढं बोललीय तर राहू दे तिचं."

आणि मग आमच्या कामाला असा जोर आला म्हणता! रेडिओ बाहेर राहिला, नव्या टॉवेलांची चळत बाहेर राहिली, बायकोचा साचा शालीत गेला. फोटो खिळ्यावरून उतरला. दुसऱ्यांच्या जबड्यांतले त्यांनी दोन-चार निवडले आणि त्यांची ओळख करून देत देत बॅगेत ठेवले. हा शाळेचा हेडमास्तर, फार तोंडाळ. ही भाजीवाली, पैसे हप्त्यानं द्यायची आणि हसायची मात्र रोख. वन्सं खळखळून हसल्या. त्यांना तसं हसताना मी विरळाच पाहिलं होतं.

मग तो येणारा परवा आला. धुकं नव्हतं, उघडं, कडक थंड ऊन होतं. वन्संनी सुट्टी घेतली होती. आम्ही पोचलो तेव्हा मुलगी आली होती, खाली गाडीत बॅगा ठेवत होती. वन्सं आत गेल्या नाहीत. दारात चपलांशेजारी पाहुणीसारख्या उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "त्यांचं बघून होऊ दे."

काका खोल्यांतून फिरले. नळ घट्ट बंद केले, गॅसची कळ दोनदा तपासली. मुलगी धापा टाकत वर आली. आमच्याच वयाची बाई, डोळे सुजलेले, आवाज उगाचच उंच.

"चला बाबा! थंडी सरली की येऊच आपण परत. हो ना?"

तिचे कान लाल झाले होते. काकांनी ते पाहिलं, आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "येऊ की. उन्हं तापली की इथं गॅलरीत छान वाटतं." आणि वर तिच्या पाठीवर थोपटलं. मी तोंड फिरवून जिन्याच्या भिंतीचा रंग बघत राहिले.

दार त्यांनी स्वतः ओढलं. कुलूप स्वतः लावलं, ओढून पाहिलं. मग आपली किल्ली वन्संच्या हातात दिली.

"दार जरा जोरानं लावावं लागतं," म्हणाले. "लाकूड फुगतं थंडीत."

"बरं," वन्सं म्हणाल्या.

काका जरा घुटमळले. मग मान किंचित झुकवून म्हणाले, "येतो."

आपल्यात निघताना कुणी जातो म्हणत नाही. दुकानात जाणारा येतो म्हणतो, परगावी जाणारा येतो म्हणतो. बोलायला लागल्यापासून आपल्याला ते शिकवलेलं असतं आणि आपण त्याचा अर्थ लावत नाही. त्या दिवशी मात्र तो शब्द त्या जिन्यात उभा राहिला. मुलीनं ओठ दाबून खाली बघितलं. मला वाटलं, आता कुणी काय बोलावं?

"या," वन्सं म्हणाल्या. "कधीही या काका. मी आहे घरी."

मुलीनं त्यांना धरायला हात पुढे केला. काकांनी तो हळूच बाजूला सारला, स्वेटर खाली ओढून नीट केला, आणि तिच्या पुढे होऊन जिना उतरायला लागले.